दर ठरवणाऱ्यांच्या हातात नेमकं काय असतं? वीज आणि मोबाइल नियामकांच्या अडचणी

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी महावितरणच्या पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश काढला. दर उतरणार, अशी बातमी झाली. आठवडा उलटायच्या आत आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली, कारण महावितरणने हिशेबातल्या चुका दाखवून फेरविचार मागितला होता. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि अनेक गटांचे दर मार्चमधल्या आदेशापेक्षा वर गेले. पहिल्या आदेशाआधी जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. दुसऱ्याआधी आम्हाला ऐकूनच घेतलं नाही, असा आक्षेप ग्राहक संघटनांनी घेतला.

एकच कंपनी, एकच हिशेब आणि तीन महिन्यांत दोन उत्तरं. असं का होतं हे समजून घ्यायचं तर आयोगाच्या हाती येणारे आकडे कुठून येतात आणि आयोगाचा हात कुठवर पोहोचतो, हे पाहावं लागतं.

आयोग हवा होता कशासाठी

१९९० च्या दशकापर्यंत विजेचा दर मंत्रालय आणि वीज मंडळ मिळून ठरवत. खरेदीचे करारही तसेच व्हायचे. १९९३ साली दाभोळच्या प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने करार केला, ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाला ही वीज घेणं थांबवावं लागलं. डॉलरशी आणि आयात इंधनाशी जोडलेली, घेतली नाही तरी मोठा स्थिर आकार मागणारी वीज मंडळाला झेपलीच नाही. करार होण्याआधी त्यातलं प्रत्येक कलम उघडपणे तपासणारी स्वतंत्र संस्था तेव्हा नव्हती.

ओडिशाने १९९६ मध्ये देशातला पहिला राज्य वीज आयोग नेमला. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्राचा आयोग आला आणि २००३ च्या विद्युत कायद्याने आजची चौकट घालून दिली. दूरसंचारात गरज वेगळी होती. तिथे सरकारी खातं स्वतःच टेलिफोन चालवत होतं आणि खासगी कंपन्यांना परवानेही तेच देत होतं. म्हणून १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्थापन झालं.

दर निघतो कसा

वितरण कंपनी वर्षभराचा अपेक्षित खर्च मांडते. त्याला वार्षिक महसुली गरज म्हणतात. यात वीजखरेदी, पारेषणाचे आकार, देखभाल-दुरुस्ती, पगार, घसारा, कर्जाचं व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा येतो. वीजखरेदीचाच वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. ही बेरीज विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागली की सरासरी पुरवठा खर्च निघतो. मग कोणत्या गटाने सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी द्यायचं, ते ठरतं. राष्ट्रीय दर धोरण सांगतं की हा फरक सरासरीच्या २० टक्के वर-खाली या पट्ट्यात असावा.

वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाशी ताळा घालतात, त्याला ट्रू-अप म्हणतात. अंदाज चुकला तर फरक पुढच्या दरात चढतो किंवा उतरतो. मधल्या काळात इंधनाचा भाव हलला तर बिलात ‘इंधन समायोजन आकार’ दिसतो. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार आयोगाच्या आदेशातून येतात. त्यांच्यावर लागणारं १६ टक्के वीज शुल्क (घरगुती ग्राहकांसाठी) मात्र राज्य सरकारचा कर आहे, त्याच्याशी आयोगाचा संबंध नाही. वीज महागली म्हणून आयोगावर राग काढण्याआधी बिलातला हा फरक पाहून घ्यावा.

आकडे त्यांचे, तपासणी आयोगाची

पहिली अडचण इथेच आहे. विक्री किती होईल, गळती किती, कोणत्या वीजनिर्मिती संचातून वीज किती भावाने येईल, हे सगळं कंपनीच सांगते. आयोगात कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन सदस्य असतात आणि त्यांच्या मदतीला मोजके तज्ज्ञ. समोरच्या महावितरणची वार्षिक उलाढाल लाख कोटींच्या घरात आणि याचिका हजारो पानांची. अर्ज दाखल झाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यावा, असं कायदा सांगतो.

गळतीचं उदाहरण घेऊ. १०० युनिटं विकायची आणि गळती १५ टक्के असेल तर सुमारे ११७.६ युनिटं विकत घ्यावी लागतात. गळती २० टक्के असेल तर १२५. खरेदीचा भाव ५ रुपये धरला तर पहिल्या हिशेबात ५८८ रुपये लागतात आणि दुसऱ्यात ६२५. म्हणजे गळतीचा आकडा पाच टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला तरी विकलेल्या प्रत्येक युनिटवर ३७ पैसे फरक पडतो.

आणि हा आकडा नेमका मोजता येत नाही, कारण लाखो कृषिपंपांना मीटर नाही. तिथे वापर अंदाजाने धरतात, पंपाची अश्वशक्ती गुणिले वर्षभरातले चालू तास. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॉट. तो वर्षाला १,६०० तास चालला असं धरलं तर ५,९६८ युनिटं होतात, १,२०० तास धरले तर ४,४७६. मधली दीड हजार युनिटं खरंच शेतात गेली, की तारांत गळाली, की कुणी आकडा टाकून नेली? कागदावर ती शेतीच्या नावावर पडली तर गळती कमी दिसते, कंपनी कार्यक्षम ठरते आणि अनुदानाची मागणी वाढते. बदनामी शेतकऱ्याची होते, जरी रात्रीच्या पाळीत पडक्या दाबाने येणाऱ्या विजेवर त्याचा पंप धड चालत नसला तरी. पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटासारख्या संस्थांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं सुनावण्यांत लावून धरला आहे. आमच्या मते, वाहिनीनिहाय (फीडरनिहाय) आणि रोहित्रनिहाय (ट्रान्सफॉर्मरनिहाय) मोजणीचे विश्वासार्ह आकडे येईपर्यंत महाराष्ट्रातला कोणताही दर आदेश अर्धवट पायावर उभा राहील.

आयोग शंका घेऊन आकडा छाटू शकतो, आणि छाटतोही. पण छाटताना हाताशी पुरावा नसेल तर कंपनी फेरविचार मागते किंवा दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाते. न छाटता मान्य केला तर ग्राहकावर भुर्दंड बसतो.

पुढे ढकललेला रुपया

निवडणूक जवळ आली, किंवा दरवाढ एकदम फार मोठी दिसली, की सगळ्यांना सोयीचा वाटणारा एक मार्ग असतो. खर्च मान्य करायचा, पण वसुली आज करायची नाही. या थकलेल्या रकमेला हिशेबाच्या भाषेत नियामक मत्ता म्हणतात. कंपनीच्या ताळेबंदात ती मालमत्ता दिसते, आणि ग्राहकाच्या माथ्यावर ते कर्ज असतं. १,००० कोटी रुपये दहा टक्के व्याजाने पाच वर्षं तसेच ठेवले तर १,६१० कोटी होतात. मधल्या काळात शहरात नव्याने राहायला आलेला माणूस, त्याने न वापरलेल्या विजेचे पैसे भरतो.

दिल्लीत हेच साचत गेलं. तिथल्या तीन खासगी वितरण कंपन्यांची अशी थकलेली रक्कम २७ हजार कोटींच्या पुढे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या आयोगांना बजावलं की दर खर्चाला धरून असावेत, खर्च आणि वसुलीतली अशी तफावत अपवादात्मक परिस्थितीतच ठेवावी, महसुली गरजेच्या तीन टक्क्यांचं प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावं आणि नवी तफावत तीन वर्षांत फेडून टाकावी. निकाल योग्य आहे. पण त्याची अंमलबजावणी म्हणजे काही राज्यांत एकदम मोठी दरवाढ, आणि ती जाहीर करायची वेळ येईल ती आयोगावरच.

मोठे ग्राहक निघून जातात तेव्हा

आजची सगळ्यात अवघड गाठ ही आहे. उद्योग आणि व्यापारी ग्राहक सरासरीपेक्षा जास्त देतात, त्यातून शेती आणि छोटी घरं सांभाळली जातात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या कायद्याने मोठ्या ग्राहकाला दुसरीकडून वीज आणायची मुभा दिली, तिला मुक्त प्रवेश म्हणतात. २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. जाणाऱ्याने मागे राहिलेल्यांची भरपाई म्हणून क्रॉस सबसिडी अधिभार द्यायचा असतो. स्वतःचा प्रकल्प असेल तर मात्र तो माफ. ‘स्वतःचा’ म्हणजे किती? वापरकर्त्यांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी हवी आणि त्यांनी किमान ५१ टक्के वीज वापरायला हवी. त्यामुळे दहा-बारा कारखाने मिळून सौर प्रकल्पात २६ टक्के भाग घेतात आणि अधिभारातून सुटतात. कायद्यात हे बसतं. यातल्या कुणाची मालकी खरी आणि कुणाची फक्त कागदावरची, हे तपासण्यात आयोगांचा आणि न्यायालयांचा बराच वेळ जातो.

परिणाम सोप्या आकड्यांत पाहू. समजा एकूण १०० युनिटं विकली जातात आणि खर्च ९०० रुपये आहे. उद्योग ४० युनिटं ११ रुपयांनी घेतात, म्हणजे ४४० रुपये. उरलेले ४६० रुपये बाकीची ६० युनिटं देतात. आता उद्योगांनी १० युनिटं बाहेरून आणली. कंपनीचा खर्च ९० रुपयांनी कमी होत नाही, कारण जुन्या २५ वर्षांच्या करारांचा स्थिर आकार, तारा, उपकेंद्रं आणि पगार तसेच राहतात. समजा फक्त ४० रुपये वाचले. खर्च ८६० झाला आणि वसुली ७९०. सत्तर रुपयांचा खड्डा उरलेल्या ९० युनिटांवर पसरला की प्रत्येक युनिट ७८ पैशांनी महाग. महागलं की आणखी कारखाने निघतात.

अधिभार वाढवावा तर उद्योग म्हणतात राज्याबाहेर जातो, आणि हरित विजेच्या वाटेत धोंडा टाकल्याचा ठपका येतो. कमी करावा तर घरगुती बिल फुगतं. छतावरच्या सौर पॅनेलचीही तीच कथा, फक्त लहान आकारात. दुपारी जादा झालेली वीज ग्राहक जाळ्यात सोडतो आणि संध्याकाळी सातला परत मागतो, जेव्हा कंपनीला ती महाग पडते. या अदलाबदलीत युनिटाला युनिट असा हिशेब धरला तर फरक इतरांच्या बिलात जातो. तो धरला नाही तर ज्याने कर्ज काढून पॅनेल बसवलं त्याची परतफेडीची सगळी गणितं कोलमडतात.

यावर आयोगाकडे एक चांगलं हत्यार आहे, दिवसाच्या वेळेनुसार दर. मार्च २०२५ च्या आदेशाने सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास धरले. ज्याला आपलं काम दुपारी सरकवता येतं, त्याला सवलत. पिठाच्या गिरणीला, पाणीपुरवठ्याच्या पंपाला हे जमतं. तीन पाळ्यांत चालणाऱ्या भट्टीला नाही.

शेतीच्या बाजूने मार्ग निघतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावाजवळच्या उपकेंद्रांशी छोटे सौर प्रकल्प जोडून १६,००० मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं आहे, आणि ही वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. शेतकऱ्याला दिवसा वीज आणि क्रॉस सबसिडीचं ओझं हलकं, असे दोन्ही फायदे. जमीन मिळणं आणि उपकेंद्राची क्षमता वाढवणं या दोन ठिकाणी काम अडकतं.

सरकार आणि न्यायालय यांच्या मधे

सरकारला वीज स्वस्त किंवा फुकट द्यायची असेल तर विद्युत कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम आगाऊ भरायची असते. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, लाभार्थी सुमारे ४४ लाख. ही योजना सरकारची, पैसा तिजोरीचा. पण अनुदान वेळेवर आलं नाही तर कंपनी उधारीवर चालते, त्या उधारीचं व्याज खर्चात येतं आणि खर्च पुन्हा आयोगासमोर. आगाऊ रक्कम आली नाही तर मूळ दर लागू करा, असं सांगण्याचा अधिकार कायद्यात आहे. तो वापरायला जी ताकद लागते ती क्वचित दिसते.

ती का दिसत नाही याचं एक कारण नेमणुकीत आहे. निवड समिती नावं सुचवते, नेमणूक राज्य सरकार करतं, आणि पदं रिकामी राहिली तर सुनावण्या खोळंबतात. वितरण कंपनी सरकारची, अनुदान सरकारचं, नेमणूक सरकारची. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक आयोगात कायद्याची जाण असलेला एक तरी सदस्य असलाच पाहिजे, असा निकाल दिला.

शिक्षेचा अधिकार फारच तोकडा. कलम १४२ खाली एका उल्लंघनाला कमाल एक लाख रुपये आणि उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला सहा हजार. लाख कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला याने काय फरक पडणार? खरा धाक खर्च नामंजूर करण्याचा आहे, पण कंपनी सरकारी असली की तो तोटाही शेवटी जनतेच्याच खिशातून भरला जातो.

मोबाइलच्या बाजूला चित्र उलटं

ट्राय मोबाइलचे दर ठरवत नाही. गेली वीसहून अधिक वर्षं कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे. त्यांनी फक्त सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. दहा-बारा कंपन्या झुंजत होत्या तेव्हा हे छान चाललं. आता तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी उरली आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले तेव्हा ट्रायने हस्तक्षेप केला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र एक उपयोगी नियम आला. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवणं बंधनकारक झालं. साधा फोन वापरणाऱ्या आजीला डेटाचे पैसे भरायला लावणं अन्यायच होता.

जिथे ट्रायने ठाम पाऊल उचललं तिथे निकाल संमिश्र आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही वेबसाइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असा भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी आली आणि ती टिकली. त्याच वर्षी जानेवारीपासून कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला कमाल तीन, असा नियम लागू होणार होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण कॉल तुटण्यात दर वेळी दोष कंपनीचाच असतो हे गृहीत धरण्याला आधार नव्हता. टॉवरला जागा मिळत नाही, भिंती जाड असतात, ग्राहक लिफ्टमध्ये शिरतो. इथेही मुद्दा मोजणीवरच येऊन ठेपला. पूर्वी मोजणी अख्ख्या सर्कलच्या, म्हणजे परवान्याच्या विभागाच्या, सरासरीवर व्हायची, त्यामुळे मुंबईबाहेरच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये पुण्यातले चांगले आकडे गडचिरोलीचे वाईट आकडे झाकू शकत. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियमांनी मोजणी टॉवरपातळीकडे नेली, दंड दहा लाखांपर्यंत वाढवला आणि जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद केली.

बाकी स्पेक्ट्रम आणि परवान्यांबाबत ट्राय फक्त शिफारस करतं, निर्णय दूरसंचार खात्याचा. २००८ चं परवानावाटप आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले १२२ परवाने, यातून किती नुकसान झालं यावर वाद आहे.

ग्राहक कुठे हात घालू शकतो

दर याचिका आल्यावर कंपनीला तिचा सारांश वर्तमानपत्रांत छापावा लागतो, मराठी सारांशही मिळतो. नवी मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती अशा ठिकाणी सुनावण्या होतात. ‘दरवाढ रद्द करा’ एवढंच लिहिलेल्या हरकतीवर आयोग काही करू शकत नाही. कृषिपंपांचे चालू तास कशावरून धरले, गेल्या ट्रू-अपमध्ये गळतीचा अंदाज किती चुकला, न वापरलेल्या संचांना स्थिर आकार किती गेला, आपल्या तालुक्यातल्या कोणत्या वाहिनीवर मीटर बंद आहे, असे आकड्यांवरचे प्रश्न विचारले की कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते आदेशात नोंदलं जातं.

बिलाची वैयक्तिक तक्रार आयोगाकडे जात नाही. ती आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि मंचाच्या निकालानंतर ६० दिवसांच्या आत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी अचानक बिलात आली आणि मधल्या बिलांत ती सलग दाखवलेली नव्हती, तर कलम ५६(२) दाखवून तिला हरकत घेता येते. मोबाइलच्या तक्रारीत कंपनीकडून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्यावा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावं, त्याला ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. २००९ च्या एका निकालामुळे ते बंद असल्यासारखं मानलं जायचं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतील असं स्पष्ट केलं.